लिफ्ट टेबलाची कात्री आणि लाल मेट : प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी २०२५

शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपचं काम हातात घेतलं. कास्टिंगं ट्रॉलीवरून व्हीएमसीच्या (उभ्या मिलिंग मशीनच्या) मेजापर्यंत उचलायला त्यांना हायड्रॉलिक लिफ्ट टेबल हवं आहे. एकमेकांना छेदणाऱ्या आर्मची एकाच टप्प्याची कात्री, उचलायचं वजन ५०० किलो. डिझाइन आधीच कुणीतरी सॉलिडवर्क्स या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेलं आहे, तो माणूस आता नोकरी सोडून गेला. मालकांचं म्हणणं एवढंच, "असेंब्ली तयार आहे, तुम्ही फक्त ड्रॉइंगं काढून द्या. अण्णा फॅब्रिकेशनला थांबलेत."

फाइल उघडली. मेट म्हणजे कोणता भाग कोणत्या भागाला कसा जोडलेला आहे हे सांगणारं बंधन; ते जुळलं नाही की लाल होतं. इथे मेटच्या फोल्डरवर लाल खूण, आत निम्मी मेट लाल आणि उरलेल्यांतली बरीचशी पिवळी. ट्रीमध्ये, म्हणजे भागांच्या यादीत, नावाआधी अधिकची खूण, म्हणजे गरजेपेक्षा जास्त बांधलेले. काहींच्या आधी प्रश्नचिन्ह, म्हणजे त्यांची जागा सॉफ्टवेअरला काढताच आलेली नाही. प्लॅटफॉर्म माउसने ओढून पाहिला, जागचा हलत नाही. वर-खाली होणं एवढंच ज्या यंत्राचं काम, ते चित्रातसुद्धा वर-खाली होत नाही. यावरून ड्रॉइंगं काढणार नाही असं मालकांना फोनवर सांगितलं. ते थोडे नाराज झाले, पण "बघा काय ते" म्हणाले.

पुढे लागतील ते आकडे इथेच लिहून ठेवतो. आर्मची लांबी भोकापासून भोकापर्यंत ९०० मिमी. खालच्या स्थितीत आर्मचा जमिनीशी कोन १२ अंश, वरच्या स्थितीत ४५. म्हणजे खालच्या पिनांच्या रेषेपासून वरच्या पिनांच्या रेषेपर्यंतची उंची १८७ मिमीपासून ६३६ मिमीपर्यंत जाते. त्याच वेळी आर्मच्या टोकाचा रोलर बेसच्या पिनेपासून आडव्या दिशेत ८८० वरून ६३६ वर येतो, २४४ मिमीचा प्रवास.

४ फेब्रुवारी

आमच्या ऑफिसातल्या ट्रेनी मुलीचा पहिला सल्ला होता, "सर, सगळी मेट उडवून नव्याने लावूया का?" मोह होतोच. पण जुन्या मेटांमध्ये आधीच्या माणसाचा विचार दडलेला असतो, चुकीचा असला तरी. काय करायला गेला होता ते कळल्याशिवाय पुसायचं नाही.

आधी फिक्स केलेले भाग शोधले. असेंब्लीत पहिला टाकलेला भाग सॉलिडवर्क्स आपोआप जागेवर खिळवतं, त्याच्या नावाआधी एफ दिसतो. तो बेस फ्रेम असायला हवा. इथे बेस फ्रेम होती, प्लॅटफॉर्म होता आणि एक रोलरची पिनही होती. तिघंही खिळलेले. मेट लावताना एखादा भाग भलतीकडे पळतो, की वैतागून राइट क्लिक करून फिक्स करायचं, ही सवय मी बऱ्याच ऑफिसांत पाहिली आहे. त्या क्षणी बरं वाटतं, पण पुढचं प्रत्येक मेट त्या खिळ्याशी भांडत बसतं. प्लॅटफॉर्म आणि पिन फ्लोट, म्हणजे मोकळे, केले. लाल मेट थोडी कमी झाली, पण गेली नाहीत.

मग संगणक बाजूला ठेवून कागदावर हिशेब मांडला. ट्रेनीला तो कॉलेजमध्ये शिकवलेला होता, पण परीक्षेनंतर कधी वापरला नव्हता.

सुटा भाग अवकाशात सहा प्रकारे हलू शकतो. तीन दिशांना सरकतो, तीन अक्षांभोवती फिरतो. पिनचा सांधा यातल्या पाच हालचाली खातो आणि फिरण्याची एक ठेवतो. आता साधी चार कड्यांची यंत्रणा घ्या. एक कडी जमिनीला बांधली, उरल्या तीन, त्यांच्या अठरा हालचाली. चार पिना मिळून वीस खातात. उत्तर येतं उणे दोन. ग्र्युबलरच्या सूत्रानुसार ही यंत्रणा जाम असायला हवी, आणि प्रत्यक्षात तर ती मजेत फिरते. कारण चारही पिना एकमेकींना तंतोतंत समांतर आहेत, त्यामुळे तीन बंधनं तीच ती गोष्ट पुन्हा सांगतात. हिशेब काटेकोर जुळवायचाच असेल तर दोन साध्या पिना ठेवायच्या, तिसऱ्या जागी बॉल जॉइंट आणि चौथ्या जागी फिरणारा नि सरकणाराही सांधा. पाच, पाच, तीन आणि चार मिळून सतरा. अठरातून सतरा गेले, एक हालचाल उरली.

आपल्या कात्रीत बेस धरून चार भाग आहेत, तीन पिना आणि दोन रोलर. पिनांचे पंधरा. रोलर त्याच्या वाटेत सरकतो आणि फिरतो, म्हणजे प्रत्येकी चार खातो, त्याचे आठ. अठरातून तेवीस वजा केले की उणे पाच. हवी आहे अधिक एक. म्हणजे एकाच बाजूची कात्री धरली तरी सहा बंधनं जादा. जुन्या असेंब्लीत डाव्या-उजव्या बाजूचे आर्म सुटेसुटे टाकून प्रत्येकाला वेगळी मेट दिलेली आहेत, तिथे हा आकडा कुठच्या कुठे जातो.

जादा बंधनं असणं हा गुन्हा नाही. ती एकमेकांशी जुळतात तोवर सॉफ्टवेअर निमूट मान्य करतं. भूमितीत कुठे तरी अर्धा मिलिमीटर सांडला, की तीच बंधनं एकमेकांना खोटं पाडायला लागतात आणि लाल रंग येतो. तो बहुधा शेवटी लावलेल्या मेटावर दिसतो, खोट मात्र दहा मेट आधीच्या भागात असू शकते. मेटएक्सपर्टचं डायग्नोज बटण एकमेकांशी भांडणाऱ्या मेटांचा गट काढून देतं. त्यातलं खोटारडं कोणतं, हे आपणच ओळखायचं.

६ फेब्रुवारी

एक बाजू, एक कात्री, बाकी सगळं सप्रेस, म्हणजे तात्पुरतं बंद. सिलिंडर सप्रेस, रोलर सप्रेस, नट-बोल्टांचं फोल्डरच सप्रेस. राहिले बेस, दोन आर्म, प्लॅटफॉर्म. मधल्या पिनेचं कॉन्सेन्ट्रिक (दोन भोकं एकाच अक्षावर आणणारं मेट), बेसच्या पिनेचं, प्लॅटफॉर्मच्या पिनेचं. लाल नाही. दुसरी बाजू एकेक मेट करत परत आणली, आणि डाव्या आर्मच्या वरच्या भोकाला कॉन्सेन्ट्रिक अनसप्रेस करताच सगळं पेटलं.

दोन्ही आर्म आयसोलेट करून भोकांचं अंतर मोजलं. उजवा ९००, डावा ८९९.६. दोन वेगळ्या पार्ट फाइल्स! डावा स्टेप फाइलमधून आयात केलेला, फीचर नाहीत, नुसता ठोकळा. बहुधा जुन्या कुठल्या तरी रिव्हिजनमधून आलेला असावा.

अण्णांना फोन लावला, प्रत्यक्षात आर्म कसे करणार म्हणून. त्यांचं उत्तर सरळ होतं. "चारी आर्म एकावर एक ठिवून टॅक मारायचं, एकदमच बोर करायचं. मग अंतर किती का येईना, चारीत सारखंच येतंय." खरी गोष्ट. ९०० च्या जागी ८९९.८ आलं तर टेबलाला काडीचा फरक पडत नाही. एकात ९०० आणि दुसऱ्यात ८९९.६ आलं तर टेबल तिरकं उचलेल आणि बुश एका बाजूने खाईल. म्हणजे ड्रॉइंगवर भोकांच्या अंतराला कडक टॉलरन्स देण्यापेक्षा "चारही आर्म जोडीने बोर करावे" ही एक ओळ जास्त कामाची. ती लिहिली.

असेंब्लीत डावा आर्म काढला आणि त्याच्या जागी उजव्याचीच पार्ट फाइल लावली. एकच फाइल, चार जागा. शॉपवर जे जोडीने होणार, ते मॉडेलमध्येही एकाच फाइलमधून आलं पाहिजे.

पुढचं पाऊलही यातूनच सुचलं. बाहेरच्या जोडीतले दोन आर्म आडव्या पाइपांनी एकमेकांना वेल्ड होणार आहेत, आतल्या जोडीतलेही. वेल्ड झाल्यावर ती एकसंध फ्रेम आहे, मग असेंब्लीत सुटे आर्म कशाला? बाहेरची फ्रेम एक सब-असेंब्ली, आतली दुसरी. बेस धरून भाग सहाऐवजी चार झाले आणि मेटांची यादी निम्म्याच्याही खाली आली. प्रत्येक बिजागराला दोन्ही बाजूंनी कॉन्सेन्ट्रिक देण्याची गरज संपली. एका बाजूला कॉन्सेन्ट्रिक आणि रुंदीच्या मध्याला विड्थ मेट, बस.

७ फेब्रुवारी

रोलर. आजचा पूर्ण दिवस याच्यावर गेला, आणि तो गेला हे बरं झालं.

रोलर आयएसएमसी १०० चॅनलच्या, म्हणजे इंग्रजी सी आकाराच्या पोलादी चॅनलच्या, आत चालतो. आधीच्या माणसाने रोलरचा व्यास ८५ ठेवलाय आणि त्याला दोन टँजंट (स्पर्श करणारी) मेट दिली आहेत, एक चॅनलच्या खालच्या फ्लँजला (सीच्या आडव्या बाहीला) आणि एक वरच्या. हिशेब बरोबर वाटतो. चॅनलची उंची १००, फ्लँजची जाडी साडेसात-साडेसात, मधे उरले ८५. रोलर नीट बसला. पण दोन्ही मेट लाल.

पहिली खोट मेटची नाहीच, यंत्राची आहे. वर आणि खाली एकाच वेळी टेकलेला रोलर फिरू शकत नाही. उजवीकडे जाताना खालचा फ्लँज त्याला एका दिशेने फिरवतो, वरचा उलट्या. मग तो कुठे तरी घासतच जाणार. रोलर एकाच पृष्ठावर चालावा आणि वर फट असावी, हे लिफ्ट टेबल बनवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं, पण पडद्यावर ८५ मध्ये ८५ बसलेलं पाहिलं की डोळ्याला समाधान वाटतं.

वरचं टँजंट उडवलं. खालचं तरीही लाल.

ट्रेनीने फ्लँजच्या आतल्या पृष्ठाला नॉर्मल टू, म्हणजे काटकोनातून, पाहिलं आणि म्हणाली, "सर, हे पृष्ठ सपाट आहे, पण आडवं नाही." तिथेच सापडलं. आपल्याकडे मिळणारा साधा आयएसएमसी चॅनल आतून उताराचा असतो. आयएस ८०८ या भारतीय मानकात वेब (सीची उभी पाठ) आणि फ्लँजमधला कोन ९६ अंश दिलेला आहे, म्हणजे आतलं पृष्ठ काटकोनापेक्षा ६ अंशांनी कललेलं. साडेसात ही जाडी फ्लँजच्या मध्यावरची. वेबजवळ ती जवळजवळ १० भरते आणि टोकाला पाचाच्या आसपास येते. आधीच्या माणसाने लायब्ररीतून प्रोफाइल घेतलं, ते अगदी खरं निघालं. रोलरचा अक्ष वेबला काटकोनात, पृष्ठ त्या अक्षाला ६ अंशांत. असा दंडगोल आणि असं पृष्ठ एका रेषेवर टेकूच शकत नाहीत, फक्त कडेला एका बिंदूवर टेकतात. टँजंट मेट लाल होणार नाही तर काय होईल? ३० मिमी रुंदीच्या रोलरखाली एका कडेला तीन मिलिमीटरपेक्षा थोडी जास्त फट राहते.

हे टेबल असंच बनलं असतं, तर रोलरवर येणारा सगळा भार त्याच्या एका कडेवर आला असता आणि चॅनलमध्ये महिनाभरात चर पडला असता. लाल मेट दुरुस्त करण्याऐवजी कुणी ते सप्रेस करून ड्रॉइंगं काढली असती तर कळलं कुणाला असतं?

१० फेब्रुवारी

अण्णांशी बोललो. त्यांना यात नवल काहीच नव्हतं. "सायब, चॅनलला आतनं उतार असतोयच की. तेला पट्टी मारल्याबिगर रोलर चालत न्हाई. तुमच्या कॉम्प्युटरला आत्ता कळलं व्हय?" मी म्हटलं, कॉम्प्युटरला पहिल्यापासून कळलेलं होतं, तो लाल होऊन सांगत होता, ऐकणारं कुणी नव्हतं.

पर्याय तीन होते. समांतर फ्लँजचा चॅनल मागवायचा, पण हवा तेव्हा बाजारात मिळेल याची खात्री नाही. ८ मिमी प्लेट वाकवून सी बनवायचा, त्याला प्रेस ब्रेकवर जावं लागेल. किंवा आहे त्याच चॅनलमध्ये ३२ बाय १० ची पट्टी लेव्हलला टॅक करून, टोकाकडच्या फटीत पॅकिंग घालून वेल्ड मारायची. अण्णांनी तिसरा निवडला. त्यांच्याकडे पट्टी पडून आहे.

पट्टी वेबजवळच्या गोलाईबाहेर बसते, तिथे फ्लँज सुमारे ९ मिमी जाड आहे. म्हणजे पट्टीचा वरचा पृष्ठभाग जमिनीपासून १९ मिमीवर. पिनांची रेषा ५० वर. रोलरची त्रिज्या ३१, व्यास ६२. वर फट १० मिमीच्या आसपास राहते, छान.

मेटची पद्धतही बदलली. रोलर आणि पट्टी यांच्यात टँजंट दिलंच नाही. बेस फ्रेममध्ये पिनांच्या उंचीवर एक प्लेन काढलं आणि रोलरच्या अक्षाला त्या प्लेनवर कोइन्सिडंट केलं. पृष्ठं बदलतात, व्यास बदलतो, उद्या अण्णा १० ऐवजी १२ ची पट्टी मारतील. प्लेन तिथेच राहतं. हलणाऱ्या भागांची मेट शक्यतो प्लेन आणि अक्षांवर लावावी, पृष्ठांवर नाही. हे मी ट्रेनीला सांगितलं आणि ती लगेच म्हणाली, "मग पट्टीची जाडी चुकली तर मेट लाल होऊन सांगणार कोण?" मुद्दा बिनतोड आहे. म्हणून रोलर आणि पट्टीमधलं अंतर मोजणारा एक सेन्सर ठेवला. शून्य सोडून दुसरा आकडा आला की तो ओरडेल.

प्लॅटफॉर्म ओढला. उचलला गेला!

१२ फेब्रुवारी

आनंद एक दिवस टिकला. प्लॅटफॉर्म पटकन खाली ओढला की कात्री आडवी होते आणि मग उलटून जमिनीखाली जाते. प्लॅटफॉर्म बेसच्या खाली लटकतो आणि सॉफ्टवेअरच्या दृष्टीने सगळी मेट हिरवीगार. कारण गणिताने दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. आर्म पूर्ण आडवे असताना वर जायचं की खाली, हे मेट सांगत नाहीत, आणि त्या बिंदूपाशी सॉल्व्हर हवी ती फांदी पकडतो.

उपाय लिमिट मेट. अ‍ॅडव्हान्स्ड मेटमधलं डिस्टन्स घेतलं, दोन्ही पिनांच्या प्लेनांमधलं अंतर, किमान १८७ आणि कमाल ६३६. लिमिट मेट हालचाल खात नाही, फक्त कुंपण घालतं. किमान मर्यादा शून्याच्या आसपास ठेवली असती तर पळवाट राहिली असती. इथे १८७ आहे, म्हणजे १२ अंश, भरपूर लांब.

पण हे कुंपण पडद्यावरचं. प्रत्यक्ष टेबलावर ८८० ला आणि ६३६ ला रोलरच्या वाटेत वेल्ड केलेले ठोकळे हवेत, आणि देखभालीच्या वेळी आर्मखाली लावायला टेकू हवा. बेस फ्रेमच्या मॉडेलमध्ये ठोकळे टाकले. लिमिट मेटचे आकडे आता त्या ठोकळ्यांच्या जागेवरून इक्वेशनने येतात. ठोकळा सरकला तर कुंपणही सरकेल.

१४ फेब्रुवारी

सिलिंडर परत आणला. बेसच्या ब्रॅकेटपासून बाहेरच्या फ्रेमच्या आडव्या पाइपापर्यंत. अनसप्रेस करताच प्लॅटफॉर्म पुन्हा दगड झाला. इथलं कारण सर्वांत साधं. सिलिंडर ही सब-असेंब्ली आहे आणि सब-असेंब्ली मुळात रिजिड म्हणून सुटते. आतला रॉड बाहेर येऊ शकतो हे वरच्या असेंब्लीला माहीतच नसतं. कंपोनंट प्रॉपर्टीजमध्ये जाऊन फ्लेक्सिबल केलं, झालं.

दोन्ही क्लेविसना, म्हणजे टोकांच्या पिन धरणाऱ्या दुबेळक्यांना, विड्थ मेट होतं. ब्रॅकेट मध्यापासून पाऊण मिलिमीटर सरकलेलं निघालं, त्यामुळे दोन विड्थ मेट एकमेकांशी भांडत होती. ब्रॅकेटच्या बाजूचं ठेवलं, रॉडच्या बाजूचं काढलं. खऱ्या सिलिंडरलाही क्लेविसमध्ये दोन्हीकडे थोडी फट लागतेच.

१७ फेब्रुवारी

आजची गोष्ट या कामातली मला सर्वांत आवडलेली. कारण इथे मेट एकही चुकीचं नव्हतं.

सिलिंडर १२५ मिमी स्ट्रोकचा. रॉड आणि बॅरलमध्ये लिमिट मेट, शून्य ते १२५. जुन्या मॉडेलमध्ये बंद सिलिंडरची पिन ते पिन लांबी ५०० होती. आज पुरवठादाराकडून ड्रॉइंग आलं, त्यात रॉडच्या टोकाला आटे असलेला क्लेविस धरून ५३०. मॉडेल तसं बदललं आणि दोन लिमिट मेट एकमेकांच्या अंगावर गेली. एक म्हणतं प्लॅटफॉर्म १८७ पर्यंत खाली येऊ दे, दुसरं म्हणतं सिलिंडर ५३० च्या खाली जात नाही.

उंचीचं लिमिट मेट सप्रेस करून प्लॅटफॉर्म खाली सोडला. २९४ वर थांबला. १८७ ऐवजी २९४! ट्रेनी दचकली. "सर, सिलिंडर १५ मिलिमीटरने जास्त आणि टेबल १०७ ने?"

कागदावर पडताळलं. ब्रॅकेटची पिन बेसच्या पिनेपासून २५० मिमी पुढे आणि २० मिमी खाली. पाइप आर्मवर ७५० मिमीवर. १२ अंशांवर ब्रॅकेट ते पाइप अंतर येतं ५१४.६. सिलिंडर ५३० म्हणजे तिथवर पोचतच नाही, १९ अंशांच्या पुढेच अडतो. कात्री खाली बसलेली असताना सिलिंडर जवळजवळ आडवा असतो. त्या स्थितीत सिलिंडरच्या एका मिलिमीटरला टेबल आठ-साडेआठ मिलिमीटर हलतं. आणि जे अंतरात मिळतं ते जोरात फेडावं लागतं. ५०० किलो उचलायला तिथे सिलिंडरवर ४२२० किलोचा जोर येतो. वरच्या स्थितीत तोच भार बराच हलका होतो.

म्हणजे हे दोन लिमिट मेटांचं भांडण नव्हतं. प्रत्यक्षातही टेबल ट्रॉलीच्या उंचीला आलं नसतं आणि मालकांनी सिलिंडर बनवणाऱ्याला फोन लावला असता.

दोन वाटा होत्या. कमी लांबीचा सिलिंडर मागायचा, किंवा ब्रॅकेट मागे घ्यायचं. सिलिंडर स्टॉकमधला आहे, खास बनवला तर किंमत आणि दिवस दोन्ही वाढणार. ब्रॅकेट २५० वरून २३० वर आणलं. १२ अंशांवर अंतर ५३३.४, ५३० च्या वर साडेतीन मिलिमीटर शिल्लक. ४५ अंशांवर ६२६.९. लागणारा स्ट्रोक ९३.५, १२५ मध्ये आरामात. जोर वाढला, ४६५० किलो. प्लॅटफॉर्म आणि आर्मचं वजन १३० किलो धरलं तर ५८६०. सिलिंडरचा बोर ८०, १४० बारला तो ७१८० किलोपर्यंत ढकलतो. मावतं. मी आणखी थोडं मोकळं ठेवलं असतं, पण मालकांना पॉवर पॅक (तेल दाबणारा पंप) हाच वापरायचा आहे.

उंचीचं लिमिट परत चालू केलं. दोन्ही लिमिट गुण्यागोविंदाने नांदतात.

१८ फेब्रुवारी

पिना, सर्क्लिप, नट स्वतःभोवती गरगर फिरतात, त्यांच्या नावाआधी वजाची खूण आहे. बोल्टांना तसंच सोडलं. बोल्ट गोल फिरला तर कुणाचं काय बिघडतं? ग्रीस निपल असलेल्या पिनांना मात्र कॉन्सेन्ट्रिकमधलं लॉक रोटेशन टिक केलं. निपल खाली गेलं तर ग्रीसगन पोचत नाही.

२० फेब्रुवारी

काल शिवजयंतीची सुट्टी होती. आज मूव्ह कंपोनंटमध्ये कोलिजन डिटेक्शन लावून टेबल खालपासून वरपर्यंत चालवलं, टक्कर झाली की थांबायचं अशी सूचना देऊन. कुठेही थांबलं नाही. सिलिंडर ज्याला जोडलाय तो आडवा पाइप आतल्या फ्रेमला लागेल अशी मला भीती होती. खालच्या स्थितीत पाइपाचा मध्य आतल्या आर्मच्या मध्यरेषेपासून १२२ मिमीवर आहे, दोघांची निम्मी-निम्मी जाडी वजा केली तरी ५० च्या वर मोकळं.

ट्रेनी म्हणाली, "झालं ना सर?" मी विचारलं, यात जमीन कुठे आहे? असेंब्लीत जमीन नव्हती. ती कुणीच काढत नाही. टक्कर होते ती फक्त मॉडेलमध्ये असलेल्या भागांची.

बेसखाली एक स्लॅब टाकला आणि पुन्हा चालवलं. खालच्या स्थितीत लगेच थांबलं. ब्रॅकेटची पिन जमिनीपासून ३० मिमीवर. बॅरलचा बाहेरचा व्यास ९५. सिलिंडर १९ अंशांत उतरत येतो, त्याची मागची खालची कड जमिनीपासून ५ मिमीवर राहते. बॅरल लागत नाही, पण बॅरलवरचं तेलाचं पोर्ट मॉडेलमध्ये खालच्या बाजूला वळलेलं होतं. तेच स्लॅबमध्ये घुसलं. बॅरल स्वतःच्या अक्षाभोवती मोकळा नाही, क्लेविसमुळे तो दोनच प्रकारे बसू शकतो, पोर्ट वर किंवा पोर्ट खाली. पुरवठादाराच्या ड्रॉइंगमध्ये क्लेविस आणि पोर्ट यांचा आपसातला कोन दिलेलाच नाही. त्यांना मेल केला, पोर्ट क्लेविसच्या पिनेला काटकोनात आणि बसवताना वर, असं स्केचसह.

५ मिमी फार कमी आहे. शॉपमधली फरशी कुठेही सपाट नसते, त्यात भर म्हणून चिप्स साचतात. बेस फ्रेमच्या चार कोपऱ्यांना १२ मिमीचे पॅड दिले. टेबल तेवढं उंच झालं. ट्रॉलीची उंची मालकांकडून पुन्हा विचारून घेतली, चालेल म्हणाले.

२४ फेब्रुवारी

ड्रॉइंगं गेली. बेस, दोन फ्रेम, प्लॅटफॉर्म, पिना, रोलर. आर्मच्या ड्रॉइंगवर जोडीने बोर करण्याची ओळ, बेसच्या ड्रॉइंगवर पट्टीच्या वरच्या पृष्ठाला दोन्ही चॅनलमध्ये मिळून अर्ध्या मिलिमीटरची लेव्हल. ती पट्टी कात्री बसवल्यावर, रोलर फिरवून पाहूनच पक्की वेल्ड करावी असं अण्णांनी सुचवलं, तेही लिहिलं.

असेंब्लीची फाइल मालकांनाही दिली. मेटच्या फोल्डरमध्ये आता तीन उपफोल्डर आहेत: कात्री, सिलिंडर, कुंपण. रोलरचं मेट आता पृष्ठाला लावलेलं नाही. रोलरखालचा सेन्सर शून्य दाखवतो.

बाकी राहिलं होजचं राउटिंग. सिलिंडर १९ अंशांवरून ६१ अंशांवर जातो, होजला तेवढी ढील हवी आणि ती रोलरच्या वाटेत येता कामा नये. त्यासाठी पॉवर पॅक टेबलाच्या कुठल्या बाजूला ठेवणार ते कळायला हवं. मालक गुरुवारी सांगतो म्हणालेत.